‘आहार’ या शब्दाचे घराणे

घोडनदीच्या काठी शिरूर, भीमेच्या काठी दौंड. घोडनदी पुढे भीमेलाच मिळते. त्यामुळे ही दोन्ही गावे एकाच पाण्याने बांधलेली आहेत. शिरूर हे पुणे-नगर रस्त्यावरचे जुने ठाणे. १८१७ च्या अखेरीस कोरेगावकडे निघालेली इंग्रजी तुकडी शिरूरच्या छावणीतूनच निघाली होती. दौंडचे महत्त्व रेल्वेने वाढवले. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि सोलापूरकडे जाणारी वाट व उत्तरेकडची वाट तेथे एकत्र आली. एकीकडे हमरस्ता आणि एकीकडे लोहमार्ग, अशा या दोन पेठांत मारवाड आणि गुजरातमधून आलेली जैन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावली. दुकानात मराठी, घरात मारवाडी किंवा गुजराती आणि धर्मस्थानात अर्धमागधी, अशा तीन भाषांत त्यांचा दिवस उगवतो आणि मावळतो.

म्हणूनच या घरांमध्ये एकाच ताटाभोवती अनेक शब्द नांदतात. शेजारीण ‘जेवण झाले का’ म्हणून विचारते, आजी नातवाला ‘जीम ले’ म्हणते, सुरतेकडून आलेली सून ‘जमवा चालो’ अशी हाक देते आणि महाराजसाहेब प्रवचनात ‘आहार’ म्हणतात. या चार शब्दांचे मूळ शोधू लागले, की भाषेच्या वाटेने आचाराच्या आणि व्यापाराच्याही मुळाशी जाता येते.

जेवण, जीमण, जमण

मराठीतील जेवण, मारवाडीतील जीमण आणि गुजरातीतील जमण ही तिन्ही सख्खी भावंडे आहेत. संस्कृत कोशपरंपरेत ‘जेमन’ हा शब्द आढळतो. अमरकोशात भोजनाचे पर्याय सांगताना ‘जेमन’ आणि ‘आहार’ हे दोन्ही शब्द जवळजवळ दिलेले आहेत. तथापि या शब्दाचे खरे माहेर लोकभाषेत, म्हणजे प्राकृतात आहे. बाराव्या शतकात कलिकालसर्वज्ञ आचार्य हेमचंद्रांनी सिद्धराज जयसिंहासाठी ‘सिद्धहेमशब्दानुशासन’ हे व्याकरण रचले. त्याचा आठवा अध्याय प्राकृत भाषांना वाहिलेला आहे. संस्कृतातील ‘भुज्’ म्हणजे खाणे या धातूच्या जागी प्राकृतात कोणकोणते धातू येतात, हे सांगताना आचार्यांनी ‘जिम’ आणि ‘जेम’ या दोहोंची नोंद केली आहे. ‘जिम’ मारवाडीच्या ‘जीमणो’मध्ये ऐकू येतो, तर ‘जेम’ मराठीच्या ‘जेवणे’मध्ये.

मग मराठीत ‘म’चा ‘व’ कसा झाला? मराठीची ही जुनीच खोड आहे. ग्रामाचे गाव झाले, नामाचे नाव झाले, श्यामलाचा सावळा झाला. गुजरातीने मात्र गाम आणि नाम यांतील ‘म’ जपला आणि त्याच न्यायाने ‘जमण’मध्येही तो राहिला. मराठीत पंगत बसते ती जेवणावळीची, गुजरातीत आणि मारवाडीत जमणवार व जीमणवार होतो. समारंभ एकच, उच्चार वेगळे. कोकणीतही ‘जेवण’च आहे. गोव्यापासून मारवाडपर्यंत पसरलेल्या या शब्दाने शिरूरच्या एका स्वयंपाकघरात पुन्हा एकत्र यावे, हा भाषेचा मोठाच योगायोग म्हणावा लागेल.

आदरार्थी शब्दांचेही असेच आहे. गुजरातीत पाहुण्याला ‘आरोगो’ म्हणतात. तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्र’ या मराठीतील आद्य गद्यग्रंथांत श्रीचक्रधरांच्या भोजनाला ‘आरोगणा’ म्हटलेले आहे. आज मराठी माणसाला हा शब्द परका वाटतो. पण एके काळी तो मराठीच्या अंगणातलाच होता.

आणणे आणि घेणे

जेवण हा घरचा शब्द, तर आहार हा शास्त्राचा. ‘आ’ हा उपसर्ग आणि ‘हृ’ हा धातू यांपासून तो बनला. ‘हृ’ म्हणजे नेणे, वाहून नेणे, घेणे. ‘आ’ म्हणजे स्वतःच्या दिशेने. बाहेरचे काही आपल्याकडे आणणे, आत घेणे, हा ‘आहार’चा मूळ अर्थ. यात दातांचा, जिभेचा किंवा चवीचा उल्लेखच नाही. ‘जेवणे’ ही माणसाची क्रिया आहे. झाड जेवत नाही, पण ते आहार घेते. हा भेद ध्यानात घेतला, की जैन शास्त्रकारांनी सर्व जीवसृष्टीचा विचार करताना ‘आहार’ हाच शब्द का निवडला, ते उमगते.

जैन तत्त्वज्ञानात आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत. जीव नव्या जन्मस्थानी पोहोचताच प्रथम जे पुद्गल ग्रहण करतो तो ओज आहार. त्वचेच्या, रोमांच्या वाटे सतत घेतला जातो तो लोम आहार. मुखाने घासाघासाने घेतला जातो तो प्रक्षेप किंवा कवल आहार. आपण ज्याला जेवण म्हणतो, तो या तिहींपैकी केवळ तिसरा. पृथ्वी, पाणी, वनस्पती अशा एकेंद्रिय जीवांना मुख नाही, म्हणून कवल आहार नाही. तरीही ते आहारक आहेत. एक देह सोडून दुसऱ्याकडे जाणारा जीव वक्रगतीने जात असेल, तर एक-दोन ‘समय’ एवढ्या सूक्ष्म काळापुरता अनाहारक असतो. सिद्ध मात्र सदासर्वकाळ अनाहारक. जन्म घेणाऱ्या जीवाच्या सहा पर्याप्तींमध्ये पहिली आहारपर्याप्ती आहे. शरीर, इंद्रिये, श्वासोच्छ्वास, भाषा आणि मन या नंतरच्या. चार संज्ञांची गणनाही आहारापासून सुरू होते आणि भय, मैथुन यांतून जात परिग्रहापाशी थांबते. पोटापासून तिजोरीपर्यंतचा माणसाचा प्रवास या चार शब्दांत आला आहे.

चौविहारातला ‘विहार’

सायंकाळ झाली, की व्यापारी घरांत एक शब्द हमखास उच्चारला जातो: चौविहार. नव्या पिढीतील अनेकांना वाटते, की त्यात ‘विहार’ हा शब्द आहे. वास्तविक त्यात ‘आहार’ दडला आहे. चतुर्विध आहार म्हणजे चार प्रकारचा आहार. प्राकृतात त्याचे ‘चउव्विह आहार’ झाले आणि दोन शब्दांचा संधी होऊन ‘चउव्विहार’ व पुढे चौविहार हे रूप आले. म्हणजे ‘वि’ हा ‘विध’ म्हणजे प्रकार या शब्दाचा उरलेला तुकडा आहे. पाणी सोडून इतर तीन प्रकारांचा त्याग तो तिविहार.

ते चार प्रकार कोणते? असण, पाण, खाइम आणि साइम. संस्कृतात अशन, पान, खाद्य आणि स्वाद्य. भाकरी, भात, डाळ असे भूक भागवणारे अन्न म्हणजे अशन. पाणी ते पान. फळे, सुकामेवा असे पदार्थ खाद्य. वेलची, बडीशेप, सुपारी असा मुखवास स्वाद्य. शास्त्रकारांनी तोंडात टाकलेली वेलचीसुद्धा मोजली, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. गिऱ्हाईक करताना गल्ल्यावर बसून सहज टाकलेली सुपारी ही ‘खाण्यात’ धरू नये, असे मनाला वाटते; पण आहाराच्या मूळ अर्थाने पाहिले, तर बाहेरून आत घेतलेले सगळेच आहार ठरते. शब्द नेमका असला, की पळवाट उरत नाही.

प्रमाणाचाही विचार त्याच नेमकेपणाने झाला. पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस कवळांचा आणि स्त्रीचा अठ्ठावीस कवळांचा मानला गेला. त्याहून एक घास जरी कमी घेतला, तरी ऊनोदरी हे तप घडते. ऊन म्हणजे उणे आणि उदर म्हणजे पोट. बाह्य तपांच्या यादीत अनशनानंतर लगेच याचे स्थान आहे. उपवास न झेपणाऱ्या वृद्धाला किंवा दिवसभर पेठेत राबणाऱ्या तरुणालाही रोज करता येईल असे हे तप आहे.

आहार, विहार, व्यवहार

‘हृ’ धातूचे कुटुंब मोठे आहे. उपसर्ग बदलला, की अर्थ पालटतो. वि लागला की विहार, प्र लागला की प्रहार, सम् लागला की संहार, परि लागला की परिहार, उप लागला की उपहार. आणि ‘वि’ व ‘अव’ हे दोन उपसर्ग एकत्र आले, की व्यवहार. आहार, विहार आणि व्यवहार ही एकाच धातूची लेकरे आहेत.

यांतील पहिली दोन साधूंच्या जीवनात एकत्र नांदतात. चातुर्मास संपला, की साधू-साध्वी विहार करतात. पुणे-नगर रस्त्यावर शिरूर हा अशा पायी प्रवासातला एक मुक्काम असतो. मुक्कामी आल्यावर ते गोचरीला निघतात. गाय जशी चरताना ठिकठिकाणचे थोडे थोडे गवत खाते, मुळासकट उपटत नाही, तसे घरोघरी थोडे घेणे म्हणजे गोचरी. ‘दशवैकालिक’ सूत्राच्या पहिल्याच अध्ययनात भुंग्याचा दाखला आहे: तो फुलाला न दुखावता रस घेतो. महाराष्ट्रात गरीब विद्यार्थी पाच घरी माधुकरी मागून शिकत. त्या शब्दातही मधुकर म्हणजे भुंगाच आहे. साधूंसाठी मुद्दाम शिजवलेले अन्न त्यांना चालत नाही आणि भिक्षेचे बेचाळीस दोष टाळावे लागतात. यामागचे सूत्र एकच: घ्यावे, पण देणाऱ्याला उणे पडेल असे घेऊ नये.

येथे भाषेने एक सुंदर गाठ मारून ठेवली आहे. साधूंना भिक्षा देणे याला आपल्या घरांत ‘वोहरावणे’ किंवा ‘बहराना’ म्हणतात. गुजरातीत ‘वहोरवुं’ म्हणजे साधूने भिक्षा स्वीकारणे, आणि बाजारातून माल विकत घेणे यालाही तोच शब्द. भाषाशास्त्रज्ञ त्याची व्युत्पत्ती ‘व्यवहृ’शी, म्हणजे ‘व्यवहार’शी लावतात. बोहरा, व्होरा, वोरा ही आडनावेही ‘व्यवहारी’ म्हणजे व्यापारी या शब्दाकडे नेतात. दाराशी पात्रात पडणारी पोळी आणि पेठेत तागडीत पडणारे धान्य यांना भाषेने एकाच शब्दात बसवले. भिक्षेत जी मर्यादा, तीच व्यापारात असावी, एवढे तरी त्यातून सुचतेच.

शास्त्रात ही सूचना स्पष्ट आहे. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त श्रावकाच्या व्रतांचे अतिचार दिले आहेत. अहिंसा अणुव्रताच्या पाच अतिचारांपैकी एक आहे अन्नपाननिरोध, म्हणजे आपल्यावर अवलंबून असणाऱ्या माणसाचे वा जनावराचे अन्नपाणी अडवणे. अस्तेय म्हणजे चोरी न करण्याच्या व्रताच्या अतिचारांत हीनाधिक मापे वापरणे येते आणि त्यानंतर येतो प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे चांगल्या मालात तसाच दिसणारा हलका माल मिसळणे. भेसळीला शास्त्रकारांनी दिलेल्या या नावात ‘व्यवहार’ हाच शब्द आहे. ज्याची भेसळ विकली जाते, ते शेवटी कोणाच्या तरी ताटात आहार म्हणूनच जाते.

१८७५ चा धडा

‘हृ’ धातूला एक काळी बाजूही आहे. नेणे याचाच अर्थ हिरावून नेणे असाही होतो. हरण, अपहार हे शब्द त्यातूनच आले. व्यवहार कधी अपहार वाटू लागतो, याची साक्ष याच प्रदेशाच्या इतिहासात आहे.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना इथल्या कापसाला चढा भाव मिळाला. युद्ध संपले, भाव कोसळले. सारा मात्र वाढवण्यात आला. शेतकरी कर्जात रुतत गेला. खते, रोखे, वह्या यांतील अक्षर त्याला वाचता येत नव्हते, आणि न्यायालय त्या कागदांवरच निकाल देत होते. सावकारांत मारवाडी आणि गुजराती व्यापाऱ्यांचा भरणा मोठा होता. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावी एका सावकारावर गावाने बहिष्कार घातला आणि तो आसपासच्या गावांत पसरला. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे, बाजाराच्या गावी, जमाव उसळला. दुकाने लुटली गेली आणि वह्या, रोखे जाळले गेले. हा वणवा पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पोहोचला. बहुतेक ठिकाणी लोकांनी मागितले ते कागद. माणसांवर हात उचलल्याच्या घटना त्या मानाने थोड्या होत्या. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनमधील शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा केला. दरम्यान १८७६ ते १८७८ या वर्षांत मोठा दुष्काळ पडला.

या घटनेची कारणे अनेक होती. साऱ्याचे ओझे, नवे न्यायालय, पडलेला बाजार, अवर्षण. सगळा दोष एका समाजावर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. तथापि आपल्या पूर्वजांच्या वह्या ज्या गावांत जळल्या, त्याच गावांत पुढच्या पिढ्यांनी पुन्हा दुकान उघडले, ही गोष्टही विसरता येत नाही. दुकान चालते ते गिऱ्हाइकाच्या विश्वासावर, आणि ज्याच्या घरी चूल पेटत नाही, त्याचा विश्वास वहीतल्या आकड्यांनी मिळत नाही. अन्नपाननिरोध हा अतिचार केवळ पोथीत वाचायचा नाही, हे या भागाला फार मोठी किंमत देऊन कळले.

न जेवण्याचे शब्द

आहारासंबंधी बोलताना आहारत्यागाचे शब्द सोडता येत नाहीत. उपवास म्हणजे उप आणि वस्, जवळ राहणे. त्यातही अन्नाचा उल्लेख नाही. वैदिक काळात यज्ञाच्या आदल्या दिवसाला ‘उपवसथ’ म्हणत. हाच शब्द पालीत ‘उपोसथ’ आणि अर्धमागधीत ‘पोसह’ झाला. पुढे त्याला पुन्हा संस्कृत वेष चढवताना श्वेतांबर परंपरेत ‘पौषध’ आणि दिगंबर परंपरेत ‘प्रोषध’ अशी रूपे आली. ‘पौषध’ हे रूप ‘पोष’ या शब्दाच्या इतके जवळ गेले, की आचार्यांनी त्याचा अर्थ धर्माला पुष्टी देणारे व्रत असा लावला. व्युत्पत्तीच्या दृष्टीने मूळ वेगळे असले, तरी अर्थाच्या दृष्टीने हा लाभच झाला. न जेवण्याच्या दिवसाला पोषणाचा दिवस मानणारी दृष्टी त्यातून मिळाली.

उपवासानंतरचे पारणे हा शब्द ‘पार’ यावरून आला. पार पाडणे, पलीकडच्या काठाला लागणे. भगवान ऋषभदेवांनी वर्षभराच्या तपानंतर हस्तिनापुरात श्रेयांसकुमारांच्या हातून इक्षुरसाने पारणे केले, त्याची आठवण अक्षयतृतीयेला आजही जागवली जाते. दौंड तालुका हा उसाचा आणि गुऱ्हाळांचा मुलूख. तेथील वर्षीतपाच्या पारण्यासाठी लागणारा रस आसपासच्या शेतातूनच यावा, हे किती समर्पक आहे!

आहारी जाणे

मराठीत एक वाक्प्रचार आहे: आहारी जाणे. व्यसनाच्या आहारी जाणे, लोभाच्या आहारी जाणे. यात अर्थ एकदम उलटा फिरतो. आहार घेणारा माणूसच दुसऱ्या कशाचा तरी आहार होतो; खाणारा खाल्ला जातो. भाषेने हा इशारा किती थोड्या अक्षरांत देऊन ठेवला आहे!

आज शिरूरजवळ रांजणगावला औद्योगिक वसाहत उभी आहे, रस्त्यालगत खानावळींची रांग आहे, आणि दौंडच्या फलाटावर दिवसरात्र खाद्यपदार्थ विकले जातात. घराघरांत ‘डाएट’ हा शब्द आला आहे. तो वाईट नाही. पण त्यात कॅलरीचा हिशोब असतो, देणाऱ्याचा विचार नसतो. मुलांच्या तोंडून असण-पाण-खाइम-साइम हे शब्द पच्चक्खाणापुरते ऐकू येतात आणि त्यांचा अर्थ विचारला, तर अनेक घरांत मोठ्यांनाही सांगता येत नाही. शब्द नुसता पाठ राहिला आणि अर्थ गेला, की नियमही ओझे वाटू लागतो. अर्थ कळला, की तोच नियम आपला वाटतो.

यासाठी मोठा खटाटोप नको. रात्री चौविहाराचे पच्चक्खाण घेताना त्यातील चार प्रकार एकदा नातवंडांना समजावून सांगावेत. मारवाडी आजीचे ‘जीमण’ आणि शाळेतल्या बाईंचे ‘जेवण’ एकच आहे, हे त्यांना कळू द्यावे. घरची बोली आणि गावची भाषा यांत वैर नाही, हे त्यातून आपोआप उमजेल. दुकानात बसणाऱ्या मुलाला आहार आणि व्यवहार हे एकाच धातूचे शब्द आहेत, हे तराजू हाती देतानाच सांगावे. पोटात काय जाते आणि तागडीतून काय जाते, या दोन्ही गोष्टींचा हिशोब एकाच माणसाला द्यायचा असतो.